घड्याळकाराच्या कार्यशाळेत जायचंय, पण जुलैत?

पत्र: माझ्या वडिलांचं किल्लीचं मनगटी घड्याळ माझ्याकडे आहे. रोज चार मिनिटं मागे पडतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी, नवरा आणि बारा वर्षांची मुलगी असे आम्ही तिघं आठ दिवस स्वित्झर्लंडला जाणार आहोत. मोठ्या कंपन्यांच्या शोरूममध्ये मला रस नाही. एखादा माणूस एकट्याने किंवा दोन-तीन मदतनीस घेऊन घड्याळ घडवतो, ती जागा बघायची आहे. तसलं घड्याळ विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. तरी जाता येईल का? कसं विचारायचं आणि तिथे नेमकं काय बघायचं? वडिलांचं घड्याळ तिथेच दुरुस्तीला देता येईल का, आणि तोवर ते चालू ठेवू की बंद?

उत्तर:

जाता येतं. खरेदी करायची नसली तरी जाता येतं. पण आधी तारखांचं बघा, कारण तुमच्या बेतात पैशांपेक्षा जुलैचीच अडचण मोठी आहे.

स्विस घड्याळ उद्योगाला उन्हाळ्यात साधारण तीन आठवडे सामुदायिक सुट्टी असते. जुलैच्या मध्याच्या सुमारास ती सुरू होते आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपते. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं आवरण, बनवणारे, तबकड्या बनवणारे, मुलामा देणारे, सगळे एकदम बंद. स्वतंत्र कारागिरावर ही सुट्टी घ्यायची सक्ती नसते, पण त्याला लागणारे सुटे भाग जिथून येतात तेच बंद असले की तोही बहुधा त्याच दिवसांत दाराला कुलूप लावून बाहेर पडतो. त्यात १ ऑगस्ट हा तिथला राष्ट्रीय दिन, म्हणजे पुन्हा सुट्टी. तिकिटं अजून काढली नसतील तर जूनमध्ये जा, नाहीतर सप्टेंबरच्या मध्यानंतर. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि वसंतात एप्रिलच्या सुमाराला जिनिव्हात घड्याळांची मोठी प्रदर्शनं भरतात. तेव्हा हे कारागीर एक तर जिनिव्हात असतात, नाहीतर प्रदर्शनाला द्यायचं घड्याळ पुरं करायला रात्री जागत असतात. त्या दिवसांत विचारणं म्हणजे नकार ओढवून घेणं. मुलीच्या शाळेमुळे तारखा बदलणं शक्य नसेल, तर जुलैतही करण्यासारखं पुष्कळ आहे. ते पुढे सांगते.

जायचं कुणाकडे? ‘स्वतंत्र’ याचा अर्थ एवढाच की तो कारखाना कुठल्या मोठ्या समूहाच्या मालकीचा नाही. त्यात शंभर-दीडशे माणसांची कंपनीही येते आणि घराच्या माडीवर एकटा बसणारा माणूसही. तुम्हाला दुसरा हवा आहे. त्यासाठी शोध सुरू करायला चांगली जागा म्हणजे ‘अकादमी ऑर्लोजेर दे क्रेआतर आंदेपांदां’, थोडक्यात एएचसीआय. स्वेन अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेसे यांनी १९८५ साली ती स्थापन केली. क्वार्ट्झ घड्याळांनी यांत्रिक घड्याळांचा बाजार उठवला होता, अशा काळात एकट्याने काम करणाऱ्यांनी एकत्र यावं म्हणून. तिच्या सदस्यांची यादी सार्वजनिक आहे आणि सदस्य अनेक देशांत आहेत. स्वित्झर्लंडपुरतं बोलायचं तर जिनिव्हा, झू दरी आणि ला शो-द-फाँ व ल लॉक्ल ही जोडगावं, या पट्ट्यात बरेच जण सापडतील. झू दरी आणि ला शो-द-फाँ एकाच दिवसात बसवू नका. नकाशावर दोन्ही ज्युरा डोंगरातच दिसतात, पण मधला प्रवास अख्खी दुपार खातो.

यादीतल्या सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. ही मंडळी एकमेकांना ओळखतात. दोन-तीन नावं निवडा, त्यांनी काय बनवलंय ते वाचा आणि प्रत्येकाला वेगळं लिहा. सर्वांत प्रसिद्ध नाव टाळलेलंच बरं. ल सोलिया गावातल्या फिलीप द्युफूर यांच्याकडे जगभरातून विचारणा होते. तुलनेने नव्या, कमी बोलबाला झालेल्या कारागिराकडे होकाराची शक्यताही जास्त आणि वेळही जास्त मिळतो.

ईमेल सहा ते आठ आठवडे आधी जायला हवी. फ्रेंच येत असेल तर फ्रेंचमध्ये, नाहीतर साध्या इंग्रजीत. दहा ओळींपलीकडे नको. त्यात काय असावं ते सांगते, कारण बहुतेक पत्रं इथेच फसतात. आम्ही तिघं आहोत, त्यात बारा वर्षांची मुलगी आहे, हे पहिल्याच ओळीत. आयत्या वेळी मूल बघून कारागीर अस्वस्थ होतो, आधी कळलेलं असेल तर तिच्यासाठी काही दाखवायचं काढून ठेवतो. मग तीन पर्यायी दिवस, आठवड्याच्या मधले. ‘पाऊण तास मिळाला तरी पुरे’ असं स्पष्ट लिहा. ‘आम्ही खरेदीदार नाही’ हेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. हे लपवलं की समोरचा माणूस विक्रीच्या तयारीने बसतो, चार घड्याळं तिजोरीतून काढून मांडतो आणि शेवटी दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. आणि सर्वांत महत्त्वाची ओळ: तुम्हाला काय बघायचंय. ‘तुमची कला बघायची आहे’ याला काही अर्थ नाही. ‘ब्रिजच्या कडा हाताने कशा घासतात ते बघायचं आहे’ किंवा ‘बॅलन्स व्हीलचा तोल कसा साधतात ते बघायचं आहे’ असं एकच काम मागा. (ब्रिज म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणारी धातूची पट्टी, बॅलन्स व्हील म्हणजे टिकटिकीची लय राखणारं झुलतं चाक.) त्यावरून त्याला कळतं की तुम्ही काहीतरी वाचून येताय. शिवाय त्या दिवशी जे काम चालू असेल त्यात तुमची भेट बसवणं त्याला सोपं जातं.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरी शांतता असेल तर तो नकार समजा. फोन करू नका. डोळ्याला भिंग लावून दहा शतांश मिलिमीटरच्या टोकावर काम करणाऱ्या माणसाला फोन उचलायला लावणं म्हणजे काय, हे तिथे गेल्यावर तुमच्या लक्षात येईलच. असा माणूस वर्षाला दहा-वीस घड्याळं पुरी करतो, काही जण त्याहून कमी. तुमचा पाऊण तास कुणाच्या तरी घड्याळातून कापला जातो आणि तो माणूस तो खुशीने देतोय, एवढं मनात ठेवलं की बाकीचे शिष्टाचार आपोआप सुचतात.

होकार आला की आदल्या दिवशी दोन ओळींची खातरजमा करा. पुष्कळ कार्यशाळांवर पाटी नसते, चोरीच्या भीतीने मुद्दामच नसते. बेलवर फक्त आडनाव असतं. ठरल्या वेळी पोचा, पंधरा मिनिटं आधीही नको. आणि पत्ता, इमारतीचा दर्शनी भाग, तिजोरी किंवा कुलपं यांचा फोटो कुठेही टाकू नका, कधीच.

कपडे. लोकरीचा स्वेटर, फ्लीसचं जॅकेट, झुलती ओढणी किंवा स्कार्फ, हे सगळं बाहेरच्या खोलीत ठेवा. एक सुटा धागा मूव्हमेंटमध्ये, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रात, गेला तर चाकाच्या दात्यांत अडकतो आणि घड्याळ थांबतं. तो शोधायला सगळं पुन्हा उघडावं लागतं. हाताला क्रीम लावून जाऊ नका. दाखवायला हातात दिलेल्या भागावर बोटाचा ठसा उमटला की पॉलिश केलेल्या पोलादावर त्याचा डाग पडतो आणि काही दिवसांत तिथे गंजाची सुरुवात होऊ शकते. म्हणूनच ते स्वतः बोटांना छोट्या रबरी टोप्या घालतात. तुम्हाला दिल्या तर घाला, नाही दिल्या तर भाग हातात घेऊच नका, ट्रेमध्येच बघा.

चुंबक हा दुसरा शत्रू. फोनचं चुंबकी कव्हर, इअरफोनची डबी, टॅब्लेटचं झाकण, पर्सचं टिचकीने लागणारं बटण, या सगळ्यांत चुंबक असतात. हेअरस्प्रिंग म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणारी, केसापेक्षा पातळ पट्टीची गुंडाळी. ती चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटू पाहतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावतं. हे चुंबकत्व उतरवणं सोपं आहे, विचुंबकाच्या यंत्रावर काही सेकंदांचं काम. पण पोलादी चिमटे आणि स्क्रू ड्रायव्हरही चुंबकित होतात. मग टिकलीहून लहान स्क्रू चिमट्याला चिकटून बसतो, सुटत नाही, आणि पुढचं सगळं काम खोळंबतं. पर्स आणि फोन दाराशी ठेवा. फोटोसाठी फोन हवाच असेल तर कव्हर काढून.

मुलीला एक गोष्ट आधीच समजावून ठेवा: टेबलाला टेकायचं नाही. घड्याळकाराचं टेबल मुद्दाम उंच असतं, बसल्यावर जवळजवळ छातीपर्यंत येतं, म्हणजे कोपर टेकवून हात स्थिर राहावेत. त्यावर आपण नुसती कोपरं टेकवली तरी थरथर जाणवते. आणि काही पडल्याचा आवाज आला, किंवा कारागीर एकदम थबकला, तर जिथे आहात तिथेच उभे राहा. एक पाऊलही नको. स्क्रू बुटाच्या तळव्याला चिकटतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन पडतो. तुमच्या हातून काही पडलं असेल तर लगेच सांगा. संकोचून गप्प राहिलात तर तो माणूस संध्याकाळी रांगत जमीन चाचपत बसेल.

आता बघायचं काय.

आत गेल्यावर आधी खिडकी बघा. ला शो-द-फाँ १७९४ च्या आगीनंतर पुन्हा उभारलं गेलं. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथे समांतर रस्ते आखून घरांच्या रांगा अशा उभ्या केल्या की कामाच्या टेबलावर भरपूर उजेड यावा. अशा नगररचनेसाठीच ला शो-द-फाँ आणि ल लॉक्ल यांना २००९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. टेबल खिडकीला लागून का असतं हे कळलं की पुढचं बरंच काही उलगडतं.

मग कडा. मी एकच गोष्ट निवडायला सांगितली तर ही निवडा. मूव्हमेंटमधल्या ब्रिजची वरची कड साधारण ४५ अंशात कापून चकचकीत करतात, तिला आंग्लाज म्हणतात. आधी बारीक कानस, मग घासायचे दगड, मग जेन्शियन नावाच्या वनस्पतीच्या वाळलेल्या काडीला हिऱ्याची भुकटी असलेली पेस्ट लावून पॉलिश. जेन्शियनच का? तिचा गाभा मऊ पण सलग असतो, पेस्ट धरून ठेवतो आणि धातूवर ओरखडा सोडत नाही. टोक झिजलं की चाकूने पुन्हा तासायचं. कारागीर एका कडेवर हात फिरवत असताना त्याच्या अंगठ्याकडे बघा. काडी पुढे-मागे जाताना किंचित फिरतेही, नाहीतर कड सपाट न राहता गोलसर होते.

खरी परीक्षा आतल्या कोपऱ्यात असते. दोन कडा जिथे आत वळून एकमेकींना भेटतात, तिथे दोन चकचकीत पट्ट्या एका तीक्ष्ण रेषेत मिळायला हव्यात. फिरतं यंत्र तिथे गोलाईच सोडतं, कारण त्याचं टोक गोल असतं. तीक्ष्ण आतला कोपरा दिसला तर तिथे हात लागलाय. भिंग मागून घ्या, दहा पटींचं. ते डोळ्याला अगदी लावून धरा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि घड्याळ जवळ आणा, साधारण अडीच सेंटिमीटरवर. नवशिके भिंग घड्याळाजवळ धरून लांबून बघतात, मग काहीच दिसत नाही. प्रकाश बाजूने येऊ द्या आणि घड्याळ हळूहळू कलवा. कडेवर धावणारी प्रकाशाची रेघ न तुटता, सारख्या रुंदीने, शेवटपर्यंत गेली पाहिजे. मध्ये ती जाड-बारीक होत असेल तर हात तिथे अडखळला होता.

याच वेळी काळं पॉलिश दाखवायला सांगा. पोलादी भाग कथलाच्या किंवा जस्ताच्या सपाट पाट्यावर पेस्ट लावून, एकसारख्या दाबाने घासत जातात. जमलं की तो भाग एका कोनातून आरशासारखा पांढरा दिसतो आणि किंचित कलवला की एकदम काळाकुट्ट. मधल्या कोनांत करडेपणा राहिला तर पृष्ठभाग पूर्ण सपाट झालेला नाही. धुळीचा एक कण पाट्यावर आला की ओरखडा उठतो आणि पहिल्यापासून सुरुवात. एखाद्या छोट्या भागाला तास-दोन तास सहज जातात. हे मुलीलाही आवडेल, कारण हातात धरून कलवल्यावर ती जादू तिची तिलाच दिसते.

लेथ चालू असेल तर बॅलन्सच्या दांड्याचं टोक बघायला मागा. ते मिलिमीटरच्या साधारण एक दशांश जाडीचं असतं. कापून झाल्यावर ते कठीण आणि गुळगुळीत चकतीने दाबत घासतात. त्यात धातू निघत नाही, पृष्ठभाग दाबून घट्ट होतो आणि आरशासारखा होतो. त्या टोकावर अख्खं बॅलन्स व्हील सेकंदाला सहा किंवा आठ वेळा उलट-सुलट झुलतं. घड्याळ पडलं की बहुतेक वेळा हेच टोक वाकतं किंवा मोडतं.

प्रश्न विचारायला घाबरू नका, फक्त निवडून विचारा. ‘कुठले भाग इथे बनतात, कुठले बाहेरून येतात?’ हा उत्तम प्रश्न आहे आणि प्रामाणिक कारागीर त्याचं मोकळं उत्तर देतो. हेअरस्प्रिंग बहुतेक सगळे विशेष उत्पादकांकडूनच घेतात. चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते माणिकाचे खडे आणि किल्लीची ताकद साठवणारी मुख्य स्प्रिंगही, आणि पुष्कळदा केस आणि तबकडीसुद्धा. यात कमीपणा नाही. ज्युरामध्ये शेतकरी कुटुंबं हिवाळ्यात घरी एकेक भाग बनवायची आणि दुसरा कुणीतरी ते जुळवायचा, अशा वाटणीवरच हा धंदा उभा राहिला. ‘सगळं इथेच बनतं’ असं कुणी सहज म्हणाला तर मी उलट जास्त बारकाईने बघेन. दुसरा चांगला प्रश्न: ‘नापास झालेला एखादा भाग दाखवाल का?’ बहुतेकांकडे अशा भागांची डबी असते. त्यातला एक ब्रिज आणि पास झालेला ब्रिज शेजारी ठेवून बघितलात तर तासाभराच्या व्याख्यानाचं काम होतं. किंमत, सवलत, दुसऱ्या कारागिराशी तुलना, प्रतीक्षायादीत नाव पुढे सरकवता येईल का, हे विषय काढू नका. फोटो प्रत्येक वेळी विचारून. टेबलावर गिऱ्हाइकाचं घड्याळ किंवा अजून जाहीर न झालेलं काम असू शकतं. फ्लॅश अजिबात नको. टिप देऊ नका. परतल्यावर आठवड्याभरात, तुम्ही नेमकं काय बघितलंत ते सांगणारं छोटं आभाराचं पत्र पाठवा.

जुलैतच जाणं भाग असेल तर ला शो-द-फाँच्या आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालयाला अख्खा दिवस द्या. सोमवारी ते बंद असतं. न्यूशातेलहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात पोचता. तिथे जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीची कार्यशाळा आहे आणि तिचं काम काचेतून बघता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे कोण कामावर असेल ते आधी विचारून घ्या. जवळच ल लॉक्लला शातो दे माँ नावाच्या हवेलीत दुसरं संग्रहालय आहे, झू दरीत ल सांतिए गावात एस्पास ऑर्लोजे. जाण्याआधी वेळा तपासा, हंगामाप्रमाणे बदलतात.

दुसरा पर्याय मला तुमच्या मुलीसाठी जास्त आवडतो: अर्ध्या किंवा एका दिवसाचा पैसे भरून करायचा वर्ग, ज्यात मूव्हमेंट उघडून पुन्हा जुळवायला मिळते. वयाची अट आधी विचारा. बहुतेक ठिकाणी ६४९७ किंवा ६४९८ जातीची मूव्हमेंट देतात. ती खिशातल्या घड्याळासाठी बनलेली, ३६.६ मिलिमीटर व्यासाची, १७ खड्यांची, किल्लीची. मोठी असल्याने शिकायला बरी. तिथे एक क्रम मात्र मोडायचा नाही: सगळ्यात आधी मुख्य स्प्रिंगमधला ताण सोडायचा. क्राउन, म्हणजे किल्ली द्यायचा तो खाचांचा गोल, बोटात धरून किंचित पुढे फिरवायचा, खटका बाजूला करायचा आणि क्राउन बोटांतून हळूहळू सरकत उलटा जाऊ द्यायचा. ताण तसाच ठेवून पॅलेट फोर्क, म्हणजे चाकांना ठेक्यात अडवणारा छोटा काटा, काढला तर चाकं सुसाट फिरतात आणि एखादं टोक मोडतं. आणि काही स्क्रू उलट्या आट्यांचे असतात, त्यांच्या डोक्यावर पुष्कळदा एकाऐवजी तीन खाचा असतात. घट्ट लागतोय म्हणून जोर लावला की डोकं तुटतं.

आता वडिलांचं घड्याळ. बरोबर जरूर न्या, पण दुरुस्तीला देण्यासाठी नाही. नवी घड्याळं घडवणारा माणूस सहसा दुसऱ्यांची दुरुस्ती घेत नाही. त्याच्याकडे त्या मूव्हमेंटचे भाग नसतात आणि सीमेपलीकडून ते परत मागवणं ही कस्टमची वेगळीच कटकट. घरापासून जाण्या-येण्यासारख्या अंतरावर असलेला, यांत्रिक घड्याळांवर रोज हात चालणारा घड्याळजी शोधा. स्वित्झर्लंडमध्ये मात्र, कारागीर तयार असेल तर, भेटीच्या शेवटी ते टायमिंग मशीनवर ठेवायला सांगा. सकाळी निघताना पूर्ण किल्ली देऊन न्या.

त्या मशीनच्या मायक्रोफोनवर घड्याळ ठेवलं की टिकटिक ऐकून ते तीन आकडे दाखवतं. पहिला, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. दुसरा, अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंश झुलतं. पूर्ण किल्ली दिलेलं निरोगी घड्याळ तबकडी वर ठेवून २७० ते ३१० च्या आसपास दाखवतं, उभं धरल्यावर वीस-चाळीस अंश कमी. जुन्या घड्याळाला २५० ही चांगला. २०० च्या खाली म्हणजे तेल वाळलंय किंवा घाण साचलीय. तिसरा, बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यातला फरक मिलिसेकंदांत. ०.६ च्या आत उत्तम. जुन्या घड्याळांत एकच्या आसपास असतो आणि पुष्कळ कारागीर तो तसाच सोडतात. कारण त्यांत तो सुधारायला हेअरस्प्रिंग दांड्यावर फिरवावी लागते आणि त्यात ती बिघडायचा धोका फायद्याहून मोठा असतो.

एक अट: मशीनमध्ये ‘लिफ्ट अँगल’, म्हणजे पॅलेट फोर्कच्या संपर्कात असताना बॅलन्स व्हील जितके अंश फिरतं तो कोन, बरोबर घातलेला हवा. पुष्कळ मशीनांवर तो आधीपासून ५२ असतो. तुमच्या मूव्हमेंटचा खरा आकडा ४४ असेल, तर मशीनवर दिसणारे ३०० म्हणजे प्रत्यक्षात फक्त २५४ च्या आसपास. घड्याळ आहे त्याहून ठणठणीत दिसतं. आकडे तबकडी वर, तबकडी खाली आणि क्राउन खाली अशा तीन स्थितींत घ्या, प्रत्येकी अर्धा-एक मिनिट थांबून, आणि कागदावर लिहून ठेवा. तोच कागद घरच्या घड्याळजीला द्या.

चार मिनिटं मागे पडणं बहुधा चुंबकामुळे नाही, चुंबकित घड्याळ सहसा पुढे पळतं. वाळलेलं तेल हा माझा पहिला संशय. आत एक छोटा दांडा असतो, तो जरा सरकवून ही चार मिनिटं कुणीही भरून काढू शकतो. पण त्याने दुखणं झाकलं जातं. पूर्ण सफाई करून घ्या: प्रत्येक भाग सुटा करून धुणं, टोकं तपासणं, गरज असेल तर नवी मुख्य स्प्रिंग, जलद फिरणाऱ्या टोकांना पातळ आणि ताण सोसणाऱ्यांना दाट तेल, मग किमान दिवसभर चालवून नियमन. पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: केस पॉलिश करायची नाही, तबकडीला हात लावायचा नाही, बदललेले जुने भाग परत द्यायचे. केसवरचे वडिलांच्या हाताचे ओरखडे एकदा घासून गेले की परत आणता येत नाहीत. तबकडी धुतली तर अक्षरंच निघून येऊ शकतात.

तोवर चालू ठेवू की बंद, या प्रश्नाचं उत्तर: बंद. वाळलेल्या तेलात धातूचा चुरा मिसळून बारीक पॉलिश पेपरसारखा लगदा होतो आणि घड्याळ जितकं चाललं तितकी टोकं झिजतात. प्रवासात ते मऊ कापडात गुंडाळून हातातल्या सामानात ठेवा, क्राउन कशावर घासणार नाही असं. पट्टा काढून वेगळा गुंडाळलात तर बकलचे चरे काचेवर पडणार नाहीत. किल्ली फक्त त्या मशीनवर ठेवायच्या सकाळी द्या, सावकाश. किल्ली पूर्ण भरत आली की बोटांना स्पष्ट अडसर जाणवतो, तिथेच थांबा.